कादंबरीने कवितेचे देणे मान्य करावे

मराठी कादंबरीचा इतिहास आपल्याकडे ज्या रीतीने लिहिला आणि शिकविला जातो, तीत एक गृहीतक इतके मुरलेले आहे की ते गृहीतक आहे याचेही भान कोणाला राहत नाही. ते असे की, कादंबरीच्या पोटी कादंबरीच जन्मास येते. हरिभाऊ आपट्यांपासून निघावे, वामन मल्हार आणि डॉ. केतकर यांना यथोचित मान देऊन फडके-खांडेकरांच्या कालखंडात काही काळ मुक्काम करावा, श्री. ना. पेंडसे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासंगती कोकणात व माणदेशात हिंडून यावे, आणि १९६३ साली 'कोसला' प्रसिद्ध झाली की युग पालटले असे जाहीर करून प्रकरण मिटवावे, हा आपल्या अभ्यासक्रमांचा ठरीव मार्ग आहे. युग कशाने पालटले असे कोणी विचारलेच, तर काम्यू, काफ्का, सॅलिंजर अशी परदेशी नावे पुढे करण्यात येतात आणि तेवढ्याने विचारणाऱ्याची बोळवण होते. त्याच वर्षांत मराठी कवितेत काय घडत होते, हा विषय मात्र दुसऱ्या प्रश्नपत्रिकेचा. तो वेगळे अध्यापक शिकवितात, वेगळ्या ग्रंथांत त्याची चर्चा होते, आणि या दोन प्रश्नपत्रिकांची गाठ कोठेही पडत नाही.

माझे प्रतिपादन असे आहे की, स्वातंत्र्योत्तर मराठी कथा-कादंबरीची भाषा, म्हणजे तिच्यातील वाक्याची ठेवण, उपहासाचा सूर, दोन प्रसंगांमध्ये मुद्दाम सोडलेले अंतर आणि दुःख सांगताना पाळलेला संयम, ही प्रथम कवितेत सिद्ध झाली आणि तेथून गद्यात आली. परदेशी कादंबऱ्यांनी आपल्या लेखकांना धीर दिला, विषय दिले, क्वचित पवित्राही दिला; परंतु वाक्य कोणालाही परक्या भाषेतून आणता येत नाही, ते आपल्याच भाषेत कोणीतरी आधी वाकवून, ताणून, मोडून पाहिलेले असावे लागते, आणि ते काम १९४० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत नवकवींनी केले.

त्यापूर्वीच्या गद्याची स्थिती काय होती, हे थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. ना. सी. फडके यांनी तंत्राचा आग्रह धरून कादंबरीला रेखीवपणा आणि वाचनीयता दिली, तर वि. स. खांडेकरांनी उपमा-उत्प्रेक्षांनी भरलेल्या ध्येयवादी शैलीने एका पिढीच्या मनाची मशागत केली; दोघांचीही योग्यता मोठी आणि ती नाकारण्याचा कृतघ्नपणा कोणी करू नये. तथापि दोघांच्याही वाक्यात एक गोष्ट समान होती: जे सांगावयाचे ते सुंदर करून सांगावयाचे, ही प्रतिज्ञा. गिरणीचा भोंगा, चाळीतला नळ, कारकुनाची फाटकी वहाण यांना त्या गद्यात प्रवेश मिळे तो करुणेच्या किंवा सुभाषिताच्या परवान्यावर. रविकिरण मंडळाच्या कवितेचीही कथा थोड्याफार फरकाने अशीच होती.

ही वहिवाट मोडली ती बाळ सीताराम मर्ढेकर यांच्या 'काही कविता' या १९४७ सालच्या लहानशा संग्रहाने. खानदेशातील फैजपूर येथे १९०९ साली जन्मलेल्या, विलायतेत राहून आलेल्या आणि पुढे आकाशवाणीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या या कवीने 'शिशिरागम' या आपल्या १९३९ सालच्या पहिल्या संग्रहात रूढ सौंदर्यवादी कविताच लिहिली होती. पण महायुद्धाच्या वर्षांनंतर तो जे लिहू लागला त्याने मराठी वाचकास प्रथम धक्का बसला, मग चीड आली, आणि प्रकरण अश्लीलतेच्या खटल्यापर्यंत जाऊन अखेर कवीची निर्दोष मुक्तता झाली. पिंपात मरून पडलेले उंदीर हा कवितेचा विषय होऊ शकतो, ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओवी-अभंगाच्या घाटात यंत्रयुगातील माणसाची अगतिकता ओतता येते, 'पंक्चर'सारख्या रस्त्यावरच्या इंग्रजी शब्दाला मराठी क्रियापदाचे प्रत्यय लावून तो रात्रीच्या वर्णनात बसविता येतो, हे मर्ढेकरांनी करून दाखविले.

यातील एकच कविता जरा जवळून पाहू. गणपत नावाचा एक वाणी आहे. तो दुकानात बसून बिडी ओढतो, काडी चावतो, आणि या जागेवर आपण एक दिवस माडी बांधू असे मनाशी म्हणत राहतो. एवढ्यात त्याचे आयुष्य सरते आणि माडी काही उठत नाही. फडक्यांच्या पद्धतीने हीच गोष्ट सांगावयाची तर वाण्याला एक बायको, एक प्रतिस्पर्धी, एक कर्ज आणि एक कलाटणी देणे भाग पडले असते; खांडेकरांच्या पद्धतीने सांगताना त्या न उठलेल्या माडीवर मानवी स्वप्नांविषयीचे एक हृद्य सुभाषित उभे राहिले असते. मर्ढेकर यांपैकी काहीच करीत नाहीत. बिडी, काडी आणि माडी या तीन क्षुद्र वस्तू ते एकमेकींशेजारी ठेवतात, यमकाच्या खेळकरपणाने एक क्रूर हसू आणतात, आणि वाण्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचे काम सर्वस्वी वाचकाच्या गळ्यात घालतात. एका कादंबरीचा ऐवज मोजक्या ओळींत मावतो, तो केवळ गाळण्याच्या कौशल्यामुळे. आणि नेमके हेच कौशल्य पुढील गद्यलेखकांनी उचलले.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात आणून देणे अवश्य आहे. मर्ढेकरांनी स्वतः कादंबऱ्याही लिहिल्या. 'रात्रीचा दिवस' (१९४२), 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) या त्या तीन कृती. पैकी पहिलीत तर संज्ञाप्रवाहाच्या तंत्राचा असा धीट प्रयोग आहे की, इतिहासकारांना मराठीतील नव्या कादंबरीचा आरंभ तेथून धरण्याचा मोह व्हावा. पण त्या कादंबऱ्यांचे वंशज शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यांचे तंत्र आयात केलेले होते आणि आयातीची खूण त्यावर स्पष्ट दिसत होती. उलट त्याच लेखकाच्या कवितेने पुढच्या दोन पिढ्यांच्या गद्याला वळण लावले. माझ्या प्रतिपादनास यापेक्षा सबळ पुरावा हवा असेल असे मला वाटत नाही: एकाच लेखणीतून उतरलेल्या गद्यापासून गद्यलेखकांनी थोडे घेतले आणि पद्यापासून पुष्कळ.

हे घेणे कसे झाले, त्याची यंत्रणाही अदृश्य नाही. गिरगावातल्या खटाववाडीत मौज छापखान्यातून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाच्या अंकात नवी कविता आणि नवी कथा एकमेकींना लागून छापली जाई, आणि श्री. पु. भागवतांसारखा साक्षेपी संपादक दोहोंना एकाच कसोटीवर घासून पाही. मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात 'भावनानिष्ठ समतानता' या नावाने जे तत्त्व मांडले, म्हणजे बाह्यतः असंबद्ध दिसणाऱ्या वस्तू त्या जागवीत असलेल्या भावनेच्या सारखेपणामुळे एकत्र येऊ शकतात, ते कवितेपुरते राहिले नाही. गंगाधर गाडगीळांच्या कथेत कथानक विरघळून जाऊन एखादी संध्याकाळ, एखादी गर्दी, एखाद्या सामान्य माणसाच्या मनातली अर्धवट वाक्येच कथेचा भार वाहू लागली, ती याच तत्त्वावर. गाडगीळ हे मर्ढेकरांचे अनुयायी होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल; पण 'गोष्ट कोठे आहे?' अशी तक्रार ज्या वाचकांनी केली असती, त्यांच्या कानांना कवितेने आधीच थोडी सवय लावून ठेवली होती.

कवितेपासून गद्याकडे येणारी दुसरी वाट अगदी निराळ्या प्रकृतीची आहे, आणि ती पु. शि. रेगे यांची. अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या कवीने १९६२ साली 'सावित्री' ही पत्ररूप कादंबरी लिहिली. तीत सावित्रीची पत्रे आहेत, पण ज्याला ती लिहिली त्याचे एकही उत्तर नाही. वाचकाला त्या न दिसणाऱ्या माणसाचे शब्द, त्याचे मौन, त्याचा प्रवास हे सर्व सावित्रीच्या प्रत्युत्तरांवरून ताडावे लागते. रेग्यांची कविताही अशीच, थोड्या शब्दांभोवती मोठी मोकळी जागा राखणारी. ती मोकळी जागा त्यांनी कादंबरीत नेली आणि एका लहानशा पुस्तकात प्रेम, महायुद्धाचा काळ व दूरदेशांचे अंतर ही सर्व सामावून घेतली. चिं. त्र्यं. खानोलकरांची गोष्टही या संदर्भात बोलकी आहे. 'आरती प्रभू' या नावाने कविता आणि स्वतःच्या नावाने 'कोंडुरा'सारखी कादंबरी लिहिणारा हा एकच माणूस आपल्या ग्रंथालयांत दोन कपाटांत विभागून राहतो, आणि त्याच्या कोकणातील भयाचे, श्रद्धेचे व वासनेचे जे गूढ गद्यात दाटून येते, त्याचा उगम शेजारच्या कपाटातल्या कवितेत आहे हे पाहण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास 'शब्द' हे अनियतकालिक काढणाऱ्या अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदी तरुणांनी मर्ढेकरांचा वारसा घेतला तो त्यांच्याशी भांडत घेतला, हे योग्यच झाले. ज्या 'सत्यकथे'ने नव्या साहित्याला आश्रय दिला तीच आता प्रस्थापित वाटू लागली होती, आणि साठीच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे आदींनी अनियतकालिकांच्या द्वारे तिच्याविरुद्ध उघड बंड पुकारले. या वर्तुळात कवी आणि कादंबरीकार अशी जातवारी नव्हती. कोलटकर मुंबईच्या रस्त्यावरील हिंदीत कविता लिहीत होते आणि भाऊ पाध्ये 'वासूनाका'तील पोरांना त्यांच्याच बोलीत बोलू देत होते. चित्र्यांनी कविता लिहिल्या तशा कथाही लिहिल्या. मनोहर ओक, वसंत आबाजी डहाके, विलास सारंग हे सगळे आधी किंवा बरोबरीने कवी, आणि मग कथा-कादंबरीकार. डहाक्यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घ कविता आणि 'अधोलोक' ही कादंबरी एकापाठोपाठ वाचणाऱ्यास दोहोंत एकच श्वास ऐकू येतो. कवितेचा परिणाम झाला याला पुरावा काय, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की, येथे परिणाम बाहेरून येऊन धडकलेला नाही. बहुतेक ठिकाणी कवी आणि कादंबरीकार ही एकाच देहात नांदणारी माणसे आहेत.

आता 'कोसला'. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या कादंबरीच्या वेळी नेमाडे पंचविशीत होते आणि ते कविताही लिहीत होते. 'मेलडी' हा त्यांचा संग्रह पुढे १९७० साली निघाला. खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला, वसतिगृह, खानावळ, परीक्षा आणि मित्र यांच्यात सगळे गमावून गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा सॅलिंजरच्या नायकाचा भाऊबंद आहे, हे अनेकदा सांगितले गेले आहे, आणि त्यात तथ्यही असेल. पण सॅलिंजरच्या नायकाला महानुभाव गद्याची लय येत नाही, आणि बखरीच्या भाषेची नक्कल करून कॉलेजातल्या फडतूस घडामोडींना ऐतिहासिक थाट देण्याची युक्तीही त्याला सुचणार नाही. जुन्या, पवित्र वा प्रतिष्ठित घाटात आजची क्षुद्रता भरावयाची आणि त्या विसंगतीतून एकाच वेळी हसू व आकांत निर्माण करावयाचा, हा उपाय अभंगाच्या बाबतीत मर्ढेकरांनी आधीच सिद्ध करून ठेवला होता. पांडुरंगाच्या तोंडी वारंवार येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्दही असेच वागतात: जेथे भावना उफाळून यावयाची, तेथे मध्येच हा कोरडा शब्द येतो आणि तिला पाय ठेवू देत नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचे प्रकरण वाचताना ज्याचा घसा दाटून आला असेल, त्याने ते पुन्हा वाचून पाहावे. तेथे शोकाची ठरीव वाक्ये नाहीत, गणपत वाण्याच्या बाबतीत जो संयम कवीने पाळला तोच येथे अधिक विस्ताराने, आणि म्हणून अधिक असह्य होऊन, गद्यात उतरला आहे.

किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) या कादंबरीत तर काळाचा क्रमच मोडून टाकलेला आहे. कुशंकच्या आयुष्यातील तुकडे कार्यकारणाच्या दोरीत न ओवता एकमेकांशेजारी ठेवलेले आहेत, आणि त्यांचा मेळ वाचकाने भावनेच्या अंगाने घालावयाचा आहे. गोष्टीच्या सवयीने वाचणाऱ्याला हे पुस्तक दुर्बोध वाटते, आणि कवितेच्या सवयीने वाचणाऱ्याला ते सहज उलगडते, हा अनुभव पुष्कळांना आलेला असणार. सारंगांच्या कथांतील स्वप्नसदृश, निर्विकार स्वरात सांगितलेल्या भयंकर घटनांविषयीही हेच म्हणता येईल.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. 'कोसला' प्रसिद्ध झाली त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला १९७२ साल उजाडावे लागले. येथे गद्य पुढे आहे आणि कविता मागाहून आली आहे. बागुलांना मर्ढेकरांनी वाक्य दिले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल, कारण त्यांच्या वाक्याला ताण दिला तो जातिव्यवस्थेच्या प्रत्यक्ष अनुभवाने आणि आंबेडकरी चळवळीने. पण लगेच पुढच्या टप्प्यावर प्रवाह पुन्हा फिरतो. 'कोंडवाडा' या कवितासंग्रहाचे कर्ते दया पवार १९७८ साली 'बलुतं' लिहितात, आणि मराठी आत्मकथनाला जे नवे, तुटक, स्वतःलाही न सोडणारे गद्य मिळते, ते एका कवीच्या हातून मिळते. अर्थात देणे एकाच दिशेने वाहिले असा माझा दावा नाही. जेथे ते कवितेकडून गद्याकडे वाहिले, तेथे त्याची नोंद झाली नाही, एवढीच माझी फिर्याद आहे.

कवितेच्या संगतीने गद्याचे काही नुकसानही झाले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गाळण्याचे कौशल्य ज्यांना साधले नाही त्यांनी केवळ तुकडे केले. उपहासामागची वेदना ज्यांच्यापाशी नव्हती त्यांनी उपहास तेवढा उचलला. आणि सत्तरीनंतर तुटक वाक्ये, खोलीत एकटा बसलेला नायक व शेवटी काहीच न घडणे ही एक नवी सांकेतिकता होऊन बसली, जी फडक्यांच्या तंत्राइतकीच यांत्रिक होती. पण थोर लेखकाच्या मागे अनुकरण करणारे नेहमीच असतात, आणि त्यांच्या कर्जाचा बोजा मूळ सावकारावर टाकता येत नाही.

मग या साऱ्याची आज चर्चा कशासाठी? एक कारण व्यावहारिक आहे. आपल्या नियतकालिकांनी व प्रकाशकांनी कवितेला आश्रित करून टाकले आहे. दिवाळी अंकात तिला कथेखाली उरलेली जागा मिळते, आणि कवितासंग्रह बहुधा कवीच्या खिशातून निघतात. कविता खपत नाही, हे त्याचे समर्थन. ते खरेही असेल. परंतु 'काही कविता' हे पुस्तक किती प्रतींनी खपले यावर त्याचे मोल ठरविणाऱ्याने, त्या पुस्तकाशिवाय नंतरच्या ज्या कादंबऱ्या या स्वरूपात लिहिल्याच गेल्या नसत्या, त्यांच्या आवृत्त्याही हिशेबात धरावयास हव्यात. जी भाषा आपल्या कवितेला उपाशी ठेवते, तिच्या कादंबरीकाराला वीस वर्षांनी जुन्याच वाक्यांवर गुजराण करावी लागते, आणि आजच्या पुष्कळशा मराठी कादंबऱ्यांतील वाक्ये वाचताना ती गुजराण सुरू झाली असावी अशी शंका मला येते.

दुसरे कारण शिक्षणाचे. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, पदव्युत्तर वर्गाला निदान एक प्रश्नपत्रिका अशी द्यावी, जीत वाङ्मयप्रकारांच्या भिंती पाडलेल्या असतील: 'काही कविता' आणि 'कोसला', रेग्यांची कविता आणि 'सावित्री', आरती प्रभू आणि खानोलकर, 'कोंडवाडा' आणि 'बलुतं' ही पुस्तके जोडीजोडीने वाचावयास लावावीत आणि विद्यार्थ्यांना कथानकाचा सारांश न विचारता वाक्याविषयी प्रश्न विचारावेत. यासाठी नवा निधी लागत नाही, नवी पदे लागत नाहीत. पुस्तके उपलब्ध आहेत आणि शिकविणारेही आहेत. आणि ज्या वाचकाला परीक्षा द्यावयाची नाही, त्याने तर अभ्यासमंडळाच्या ठरावाची वाटही पाहू नये: पुढची मराठी कादंबरी हाती घेण्यापूर्वी मर्ढेकरांचा तो लहानसा संग्रह एकदा सावकाश वाचावा, म्हणजे त्या कादंबरीत नवे किती आणि उसने किती, याचा निवाडा त्याचा तोच करील.